परतीच्या वाटेवर : गोव्यातील पक्षी स्थलांतराच्या प्रकल्प नोंदी, मार्च ते मे २०२५

८ मार्च

गोव्यात वसंतातले स्थलांतर म्हणजे मुख्यतः पक्ष्यांचे जाणे. ऑक्टोबरात पहिली भिंगरी तारेवर बसते, पहिला धोबी शेतात शेपटी हलवत चालतो, आणि ते कोणाच्याही नजरेत भरते. जाण्याचे तसे नसते. एखादी जात दिसेनाशी होते, पण ती काल गेली की आठवड्यापूर्वी, हे मधल्या फेऱ्यांच्या कागदांवरूनच कळते. म्हणून या तीन महिन्यांत सारा भर 'शेवटची नोंद' पक्की करण्यावर आहे. त्या नोंदीनंतर त्याच वाटेवर, तितकाच वेळ थांबून शून्य लिहिलेले असेल, तरच ती शेवटची. नाहीतर तो फक्त आपण तिथे गेल्याचा शेवटचा दिवस.

कायमची ठिकाणे चार: पणजी-रायबंदर रस्त्यालगतची मिठागरे, मोरजीला शापोरा नदीच्या मुखापाशी असलेला वाळूचा पट्टा, करमळीचे तळे आणि जंगलासाठी तांबडी सुर्ला. चोडणचे डॉ. सलीम अली अभयारण्य रायबंदरहून फेरीबोटीने समोरच आहे, पण १.७८ चौरस किलोमीटरचा तो बहुतेक भाग खारफुटीचा. तिथे पक्षी पाहायला मिळतात, मोजायला नाही. ओहोटीला चिखलात चरणारे बरेच पक्षी भरतीला उघड्या जागी येऊन बसतात, म्हणून मोजणी मिठागरांवर. अभयारण्यातली होडीची फेरी जोडयादीपुरती, आणि तीही पाणी चढलेले असतानाच, कारण ओहोटीला आतल्या नाळ्यांत होडी रुतते.

प्रत्येक कागदावर हे रकाने हवेतच: सुरुवात आणि शेवटची वेळ, भरतीची वेळ, वारा, ढग, अडथळा (कुत्रे, माणसे, शिकारी पक्षी), जात, संख्या, मोजणीची पद्धत, पिसाऱ्याचा अंक (हिवाळी रंगापासून विणीच्या रंगापर्यंत ० ते ३, खुलासा १३ एप्रिलच्या नोंदीत), शेरा. 'अडथळा' हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात. तो भरला नसेल, तर कमी संख्येचे कारण नंतर कोणालाच सांगता येत नाही.

सामान: ८ बाय ४२ ची दुर्बीण, २० ते ६० पटींचा स्कोप, जड ट्रायपॉड, हातातले मोजयंत्र, पेन्सिल. पेन नको, घामाने आणि खाऱ्या दमट हवेने शाई पसरते. गाडीतल्या एसीतून स्कोप थेट बाहेर काढला की काचेवर बाष्प धरते आणि पहिली वीस मिनिटे वाया जातात. पोचण्याआधी थोडा वेळ एसी बंद करून काचा उघडाव्यात. समुद्रावरून परतल्यावर काच कोरड्या फडक्याने पुसू नये. मीठ आणि वाळूचे कण लेपावर ओरखडे काढतात. आधी फुंकणीने कण उडवायचे, मग गोड्या पाण्याने ओलावलेले मऊ कापड.

१४ मार्च, पौर्णिमा. रायबंदर

कोकणपट्टीत भरतीची वेळ काढण्याचा जुना हिशेब तिथीच्या पाऊणपटीचा आहे. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कोणत्या दिवशी निघायचे हे ठरवायला तो उत्तम. कागदावर लिहायची वेळ मात्र मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यायची, आणि मांडवीतून आत जावे तसे पाणी उशिरा चढते हे धरून चालायचे. मिठागरांत आणि खाजनांत (नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतजमिनींत) पाण्याची पातळी नदीवर नाही, मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी आत-बाहेर सोडण्याच्या वाटेच्या, दारांवर चालते. बाहेर भरती असताना आत कोरडे, आणि बाहेर ओहोटी असताना आत गुडघाभर पाणी, असे नेहमी दिसते.

या हिशेबातली खरी अडचण उन्हाची. उधाणाची भरती दुपारच्या तोंडावर येते आणि साडेनऊनंतर मिठागरांवर हवा थरथरू लागते. ६० पटींवर पाहिले तर टिलव्याचे पाय दिसत नाहीत, चोच वाकडी की सरळ ते कळत नाही. दोन उपाय आहेत. पौर्णिमा-अमावास्येला भरतीच्या दोन तास आधी जागेवर असावे आणि पक्षी येऊन बसत असतानाच मोजावे, पट २० ते २५ च्या वर नेऊ नये. दुसरा उपाय जास्त चांगला: मोजणी द्वादशी-त्रयोदशीला लावावी. भरती नऊ ते पावणेदहाच्या सुमारास येते, पाणी पुरेसे चढते आणि उजेड अजून स्वच्छ असतो. पुढच्या मोजण्या शक्यतो तशाच लावल्या आहेत.

भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आगेमागे, पाणी कमी चढते आणि नदीकाठचा चिखल पूर्ण बुडत नाही. तेव्हा पक्ष्यांना मिठागरांत येण्याची गरजच पडत नाही. उधाणाला भरलेले बांध आणि आठवड्याने भांगाला रिकामे बांध पाहून 'पक्षी गेले' असा निष्कर्ष काढला जातो, पण ते समोरच्या काठावर चरत असतात. दोन मोजण्यांची तुलना करायची तर दोन्ही उधाणाच्या हव्यात. एक उधाणाची आणि एक भांगाची असे कागद शेजारी ठेवू नयेत.

थव्याची मोजणी गटाने करतात. आधी थव्याच्या एका टोकाला दहा पक्षी एकेक मोजावे, ते किती जागा व्यापतात हे डोळ्यांत बसवावे, मग तेवढे तुकडे पुढे सरकवत जावे. मोठ्या थव्याला पन्नासचा तुकडा. थवा मध्ये दाट आणि कडेला विरळ असतो, म्हणून कडेचा तुकडा मध्ये लावला तर आकडा कमी येतो. मधला आणि कडेचा असे दोन वेगळे तुकडे ठरवले की फरक मिटतो. दोघांनी स्वतंत्र मोजून आकडा न सांगता कागदावर लिहावा. वीस टक्क्यांहून अधिक फरक आला तर पुन्हा मोजायचे. त्याच वेळी थव्याचे डावीकडून उजवीकडे, एकमेकांवर थोडे चढणारे फोटो काढावेत. घरी प्रत्येक पक्ष्यावर टिंब टाकून मोजलेला आकडाच अंतिम. उडत्या थव्याचा अंदाज घ्यावा लागला तर पद्धतीच्या रकान्यात 'उडता' लिहावे.

मोजणी रस्त्याच्या कडेवरूनच करायची. बांधावर उतरू नये. पक्षी उठतात ते एक, आणि मार्चमध्ये मीठ धरण्याचे काम चालू असताना मातीचे बांध पावलांनी ढासळतात ते दुसरे. मिठागरांत काम करणाऱ्यांना कोणत्या आगरात सकाळी पाणी घेतले हे विचारले की पक्षी कुठे बसतील याचा अर्धा पत्ता लागतो. मीठ धरलेल्या उथळ आगरांत पक्षी कमी, बाहेरच्या साठवणीच्या आगरांत जास्त.

आजचे चित्र मार्चला साजेसे: तिबेटी वाळू-चिखल्या आणि छोटा टिलवा भरपूर, बाकचोच तुतारी, लाल पायांचे आणि हिरव्या पायांचे टिलवे, शेकाट्यांची जोडपी. जवळजवळ सगळे अजून फिकट हिवाळी पिसाऱ्यात.

२३ मार्च. करमळी

बदके एकदम जात नाहीत. तलवार बदके आणि थापटे आधी उतरणीला लागतात, भुवई बदक मात्र एप्रिलपर्यंत येत-जात राहते, कारण दक्षिणेकडून निघालेले थवे वाटेत इथे थांबतात. म्हणून भुवई बदकांचा आकडा मार्चअखेर वाढला तरी कागद चुकला असे समजू नये.

अडई आणि काणूक इथलेच आहेत. त्यांना बदकांच्या एकूण बेरजेत घातले तर स्थलांतराचा उतार दिसतच नाही, म्हणून बेरीज दोन ओळींत. तळ्यात पाणवनस्पती दाट असल्याने दुपारी निम्मे पक्षी झाकलेले असतात. सकाळी सात ते साडेआठ हीच वेळ धरावी. कोकण रेल्वेची गाडी शेजारून गेली की पक्षी उठून पुन्हा बसतात. त्या वेळी मोजणी थांबवून त्या कप्प्याची पहिल्यापासून करायची.

लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांना आता शेपट्या फुटू लागल्या आहेत. हे विणीचे कपडे आहेत, हा पक्षी पाणी असेल तर इथेच राहतो.

३० मार्च, संवत्सर पाडवो. मोरजी

काल अमावास्या होती, म्हणजे भरती दुपारी. मोरजीला उलटे करतो: वाळूचा पट्टा उघडा असताना, सूर्य पाठीशी असताना, सात वाजता. कुरव आणि सुरय तेव्हा एकत्र बसलेले असतात.

कुरवांच्या डोक्यांकडे पाहावे. पल्लासच्या कुरवाचे काळे डोके केव्हाच पूर्ण झालेले, तपकिरी डोक्याच्या कुरवाचे बहुतेकांचे झालेले, आणि याच वेळी पहिल्या वर्षाचे पक्षी अजून कानामागच्या डागावर अडकलेले. तपकिरी डोक्याचा आणि काळ्या डोक्याचा हे डोक्याच्या रंगावरून वेगळे करू नयेत, दोन्ही तपकिरीच दिसतात. पंखांच्या टोकांना काळ्यात पांढरे ठिपके आणि फिकट बुबुळ म्हणजे तपकिरी डोक्याचा. पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी लांब पट्टी आणि काळे बुबुळ म्हणजे काळ्या डोक्याचा. बारीक चोचीच्या कुरवाला विणीतही टोपी नसते, त्याची लांब मान आणि उतरते कपाळ पाहावे. मोठ्या पाठकाळ्या कुरवांत ह्युग्लिनचा आणि स्टेपी असे भाग पाडण्याचा मोह आवरावा. स्वच्छ फोटोत पाठीची छटा आणि पंखाची टोके दिसत नसतील तर 'मोठा कुरव' एवढेच लिहावे. चुकीच्या नेमक्या नावापेक्षा बरोबर ढोबळ नाव डेटाला जास्त उपयोगी पडते.

अडथळ्याचा रकाना इथे सर्वांत महत्त्वाचा. मोकाट कुत्रे थवा उठवतात, थवा नदीच्या पलीकडे किंवा आश्वेच्या बाजूला बसतो, आणि दुसऱ्या गटाने तिथे मोजला की तोच पक्षी दोनदा येतो. म्हणून दोन्ही गटांनी फोनवर वेळ जुळवून एकाच पंधरा मिनिटांत मोजावे आणि उडालेल्या थव्याची दिशा व वेळ लिहावी. कासवांच्या घरट्यांसाठी घातलेल्या कुंपणाच्या आत पाऊल टाकायचे नाही, पक्षी कितीही जवळ असला तरी.

रंगीत पट्टी पायात असलेला पक्षी दिसला तर चार गोष्टी: पट्टीचा रंग, कोणता पाय, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरे-आकडे. डावा-उजवा पाय हा पक्ष्याचा, आपला नाही. समोरून पाहताना इथेच गडबड होते, म्हणून पाठमोऱ्या स्थितीत पुन्हा तपासावे. अक्षर अर्धे दिसले तर अर्धेच लिहावे. भारतात घातलेल्या पट्ट्या-कड्यांची माहिती बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला) कळवतात.

६ एप्रिल. खाजने

वायंगणाची, म्हणजे उन्हाळी भाताची, कापणी बरीचशी झाली आहे. ओलसर राहिलेल्या तुकड्यांत पिवळे धोबी गोळा होतात आणि आता नरांची डोकी रंगली आहेत. वर्षभरात हे तीन-चार आठवडेच असे की उपजाती ओळखता येतात, म्हणून इथे जास्त वेळ द्यावा.

डोके गडद राखाडी आणि भुवई नाही: थुनबर्गी. डोके फिकट निळसर राखाडी आणि ठळक पांढरी भुवई: बीमा. डोके कुळकुळीत काळे, मानेपर्यंत, भुवई नाही: फेल्डेग. डोके जवळजवळ पिवळे: लुटिया. सर्वांत जास्त गोंधळ थुनबर्गी आणि फेल्डेगमध्ये. सकाळच्या तिरप्या उन्हाविरुद्ध पाहिले की प्रत्येक राखाडी डोके काळे भासते. उजेड पाठीशी घेऊन डोके आणि डोळ्यामागचा कानाचा भाग यांच्या छटेत फरक आहे का पाहावे. थुनबर्गीचा कानाचा भाग डोक्याहून गडद असतो, फेल्डेगचे सगळे एकसारखे काळे. माद्या आणि पहिल्या वर्षाचे पक्षी 'पिवळा धोबी, उपजात नाही' असेच लिहावे. पिवळ्या डोक्याच्या धोब्याला मानेमागे काळा पट्टा आणि पंखांवर दोन रुंद पांढऱ्या रेघा असतात. लुटियाला तसा पट्टा नाही.

काळ्या डोक्याचे भारीट आता थोडे उरले आहेत. भोरड्या फुललेल्या पांगाऱ्यांवर आणि फळांवर मोठ्या घोळक्याने दिसत होत्या, तेही घोळके विरळ होत आहेत. दलदली भोवत्यांची एखादी मादी खाजनावरून फिरते आहे. प्रौढ नर आधीच दिसेनासे झाले.

१३ एप्रिल, पौर्णिमेचा दुसरा दिवस. रायबंदर, पिसाऱ्याचा अंक

आजपासून प्रत्येक जातीच्या निदान तीस पक्ष्यांना पिसाऱ्याचा अंक द्यायचा, थव्यातले पक्षी निवडून न घेता एका टोकाकडून ओळीने. ० म्हणजे पूर्ण हिवाळी, १ म्हणजे काही रंगीत पिसे, २ म्हणजे साधारण निम्मा रंग, ३ म्हणजे पूर्ण किंवा जवळजवळ पूर्ण. निवडून घेतले की डोळा रंगीत पक्ष्यांकडेच जातो आणि सरासरी फुगते.

तिबेटी वाळू-चिखल्याला पूर्ण रंगात छातीवर विटकरी पट्टा आणि कपाळासकट काळा मुखवटा येतो. कपाळ ठळक पांढरे आणि मधोमध काळी रेघ असेल तर तो सायबेरियन. २०२३ पासून या दोघांना वेगळ्या जाती मानतात, आणि पश्चिम किनाऱ्यावर अपेक्षा तिबेटीचीच. सायबेरियन लिहायचा असेल तर कपाळाचा फोटो हवाच. मोठा वाळू-चिखल्या चोचीवरून: चोचीची लांबी ही चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतच्या अंतरापेक्षा जास्त भरते, उडताना पाय शेपटीच्या बाहेर डोकावतात. मादीचा रंग नरापेक्षा फिका असतो, त्यामुळे २ अंकाची मादी पूर्ण तयार असू शकते. नर-मादी कळत असेल तर शेऱ्यात लिहावे.

बाकचोच तुतारीचे पोट आणि छाती विटेसारखी लाल होते. सोनेरी चिखल्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत काळे डाग येऊन मिसळतात. मधल्या अवस्थेत तो मळल्यासारखा दिसतो आणि नवख्यांना आजारी वाटतो. तो पिसे बदलत असतो, एवढेच.

हा अंक कशासाठी, तर मेच्या याद्यांसाठी. किनाऱ्यावरचे पहिल्या वर्षाचे अनेक पक्षी त्या वर्षी उत्तरेकडे जातच नाहीत, पावसाळाभर इथेच राहतात. २० मे रोजी दिसलेला ० अंकाचा, झिजक्या पंखटोकांचा वाळू-चिखल्या हा उशिरा जाणारा प्रवासी नसून इथेच राहणारा वर्षाचा पक्षी असण्याची शक्यता जास्त. आपण त्याच्यावरून 'शेवटची नोंद २० मे' लिहिली, तर प्रौढांचे जाणे महिनाभर पुढे ढकलल्यासारखे होते. म्हणून शेवटची नोंद दोन ओळींत: २ किंवा ३ अंकाचा शेवटचा पक्षी, आणि कोणत्याही अंकाचा शेवटचा पक्षी. पहिली ओळ खरी स्थलांतराची. अंक न देता मोजलेली मेमधली संख्या या प्रकल्पात वापरायची नाही.

बाजूने दिसणाऱ्या पक्ष्याचे पोटही पाहावे. प्रवासाआधी चरबी साठते आणि पायांमागे पोटाची रेषा खाली झुकते. रेषा सपाट, गोल की लोंबती, एवढे तीन शब्द पुरेत. मान ताणून उभा असलेला किंवा पिसे फुगवून झोपलेला पक्षी यासाठी घेऊ नये.

२० एप्रिल, सप्तमी. रायबंदर, संध्याकाळ

निघणारा थवा प्रत्यक्ष पाहायचा तर संध्याकाळ हवी. किनाऱ्यावरचे चिखलपक्षी बहुधा मावळतीच्या आधीच्या दीड-दोन तासांत निघतात, आणि पाणी चढून चरणे थांबलेले असेल तर सगळे एकत्र बसलेले सापडतात. सप्तमी-अष्टमीला भरती पाच ते सहाच्या दरम्यान येते, म्हणून मोजणीला निरुपयोगी ठरवलेली भांगाची तिथी या कामाला मात्र सोयीची. पाऊण-एक तास आधी बसावे, सूर्यास्त पावणेसातच्या पुढे आहे.

खुणा अशा. बांधावर बसलेल्या गटातून सतत आवाज येऊ लागतो. काही पक्षी उडतात, घिरटी घालून परत बसतात, पुन्हा उडतात. मग एक गट बसत नाही. तो आवाज करत वर वर जातो, विस्कळीत थव्याची तिरपी ओळ किंवा बाण होतो आणि नदीच्या रेषेला न धरता सरळ एका दिशेने नाहीसा होतो. जागा बदलणारा थवा खालून, पाण्यालगत उडतो आणि कुठेतरी उतरतो. हा फरक पाहिल्याशिवाय 'प्रस्थान' लिहायचे नाही. कागदावर: वेळ, जात, संख्या, गटाचा आकार, किती उंचीपर्यंत दिसला, होकायंत्रावर दिशा. फोनचे होकायंत्र गाडीच्या टपाजवळ चुकते, चार-पाच पावले दूर जाऊन पाहावे.

बहिरी ससाणा आला की सगळे थवे उठतात आणि उंचही जातात. ससाणा गेल्यावर ते उतरतात. त्यामुळे अशा गोंधळानंतरची पंधरा मिनिटे प्रस्थानाच्या मोजणीतून वगळायची. आज तिबेटी वाळू-चिखल्यांचा एक गट उत्तर-ईशान्येला गेला. तिबेटच्या पठाराकडे जाणाऱ्या पक्ष्यांची हीच दिशा अपेक्षित आहे, घाट आणि दख्खन ओलांडून.

२७ एप्रिल. तांबडी सुर्ला

जंगलात डोळ्यापेक्षा कान कामाला येतो. मळ्यांच्या कडेला ब्लिथचा बोरू वटवट्या हिवाळाभर नुसता 'टक, टक' करतो. आता निघण्याआधी तो झुडपात बसून हळू आवाजात गाणे जुळवतो, त्यात दुसऱ्या पक्ष्यांचे तुकडे मिसळतो. हिरवट वटवट्याचा दोन तुकड्यांचा आवाज वरच्या फांद्यांतून अजून येत आहे. राखी कोतवाल, नीलांग आणि तपकिरी छातीचा माशीमार यांच्यासाठी मात्र शून्य लिहिले.

मर्लिन ॲपने आवाजावरून नाव सुचवले म्हणून नोंद करायची नाही. इथे भृंगराज आणि पर्णपक्षी दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत आहेत, ॲप नकलेलाही मूळ पक्ष्याचे नाव देते. आवाज रेकॉर्ड करावा, त्याच जागी दोन-तीन मिनिटे थांबावे. नकल्या असेल तर पुढच्या मिनिटात तो वेगळीच हाक देतो.

नवरंगाची मोजणी सूर्यास्ताच्या दहा मिनिटे आधी ते वीस मिनिटे नंतर. हिवाळी मुक्कामाला असलेला नवरंग पहाटे आणि तिन्हीसांजेला दोन सुरांची शीळ थोडाच वेळ देतो. एकाच वेळी किती दिशांनी शीळ येते ते मोजायचे, एकामागून एक आलेल्या हाका जोडायच्या नाहीत. पावसाच्या तोंडावर दिवसाढवळ्या, एकाच जागेवरून सतत शीळ ऐकू आली तर तो विणीच्या हालचालीतला पक्षी, त्याची ओळ वेगळी. आवाजाचे रेकॉर्डिंग वाजवून पक्षी बोलवायचे नाहीत, या दिवसांत तर अजिबात नाही.

पूर्ण पाय झाकणारे कपडे, मोज्यांत खोवलेली विजार, परतल्यावर गोचिड्या तपासून गरम पाण्याने अंघोळ. गोव्याच्या सत्तरीकडच्या जंगलकाठी माकडतापाचा धोका या महिन्यांत असतो. पाचोळ्यात बसून मोजणी नको.

४ मे

रात्री प्रवास करणारे नवरंग उजेडाने भरकटून खिडक्यांवर आपटतात, घरात शिरतात. एप्रिल-मेमध्ये असा पक्षी सापडल्याचे फोन येतात तेव्हा सांगायचे ते एवढेच: भोके पाडलेला पुठ्ठ्याचा खोका, तळाशी सुती कापड, झाकण बंद, शांत अंधारी जागा. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जाते. भात, दूध, पाव काही देऊ नये. दर पाच मिनिटांनी उघडून पाहू नये. दिवसा सापडला तर तास-दोन तासांनी झाडीत खोका उघडून ठेवावा, रात्री सापडला तर उजाडल्यावर. पंख लोंबत असेल, डोळा सुजला असेल किंवा उडत नसेल तर वन खात्याला कळवावे. घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तारीख, वेळ, इमारतीचा कोणता मजला आणि कोणता दिवा चालू होता, हे लिहून घ्यावे.

१० मे, ग्लोबल बिग डे

ई-बर्डवर, म्हणजे पक्षीनोंदी जमवणाऱ्या संकेतस्थळावर, आज जगभरातून याद्या जातात, आणि नेमक्या अशा दिवशी याद्या लांबतात. सकाळभर फिरून एकच यादी केली की त्यातला पक्षी मिठागरावर होता की डोंगरात, ते हरवते. जागा बदलली की यादी बदलावी. एक यादी तासाभराची, चालण्याचे अंतर शक्यतो दोन किलोमीटरच्या आत. दिसलेले-ऐकलेले सगळे लिहिले तरच 'पूर्ण यादी' म्हणून पाठवावी, कारण शून्याचा अर्थ पूर्ण यादीतूनच निघतो. संख्येच्या जागी 'एक्स' टाकू नये. अंदाजी आकडा लिहून शेऱ्यात पद्धत द्यावी.

रायबंदरला ३ अंकाचे वाळू-चिखल्या तुरळक, ० अंकाचे अजून बऱ्यापैकी. छोटा टिलवा जवळजवळ संपला. मोरजीला तुरेवाले सुरय आहेत, मोठे कुरव नाहीत, शून्य लिहिले. शेकाट्यांची घरटी मिठागरांत आहेत, त्यांची नेमकी जागा सार्वजनिक यादीत टाकायची नाही.

१८ मे. समुद्र

आता उलटी वाहतूक सुरू होते. अंटार्क्टिकाच्या बाजूला वीण करणारे विल्सनचे वादळपक्षी त्यांच्या हिवाळ्यात उत्तर हिंदी महासागरात येतात. लगाम सुरयांची वसाहत शेजारच्या सिंधुदुर्गात वेंगुर्ल्याच्या खडकांवर आहे, तेही या सुमारास दिसू लागतात. किनाऱ्यावरून पाहायचे तर आग्वादसारखे उंच टोक, सकाळची वेळ, पश्चिमेचा जोरदार वारा. स्कोप एका जागी लावून क्षितिजाखालचा पट्टा सावकाश डावी-उजवीकडे फिरवायचा. दर पंधरा मिनिटांचा हिशेब वेगळा. दिशा प्रत्येक पक्ष्याची.

वाळूवर थकून पडलेला समुद्रपक्षी पुन्हा लाटांत ढकलू नये. पिसे भिजलेली असतात, तो तिथेच बुडतो. खोका, सावली, वन खाते.

सड्यांवर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारांवर) संध्याकाळी अमूर ससाण्यांसाठी नजर ठेवायची. सोमालियाकडून अरबी समुद्र ओलांडून ते एप्रिलअखेर ते मेमध्ये भारतात शिरतात आणि ईशान्येकडे जातात. नर गडद करडा, बुडाशी तांबडा, पंखाखालचा पुढचा भाग पांढरा. बोरूच्या रेघांसारख्या दाट रेघांच्या माद्या बुटक्या ससाण्याशी घोटाळतात, म्हणून फोटो हवा.

२५ मे

मान्सून काल, २४ मे रोजी केरळात आला आणि आज गोव्यावर आहे, नेहमीपेक्षा बराच आधी. मिठागरांतला हंगाम संपला, आगरांत गोडे पाणी साचले आहे आणि उथळ चिखल उरलेला नाही. त्यामुळे आजचा वाळू-चिखल्यांचा कमी आकडा जाण्याचा की जागा बुडण्याचा, हे रायबंदरच्या एका कागदावरून ठरत नाही. मोरजीच्या वाळूवर त्याच दिवशी केलेली मोजणी जोडली आहे: तिथे ० अंकाचे वाळू-चिखल्या आहेत, २ किंवा ३ अंकाचा एकही नाही. प्रौढांची शेवटची ओळ आता बंद करण्यासारखी आहे, पण पुढच्या द्वादशी-त्रयोदशीला दोन्ही ठिकाणी आणखी एक शून्य पडेपर्यंत ती पेन्सिलीतच राहील.

चातकाचा रकाना आजपासून उघडला. काळा-पांढरा, तुरा, पंखावर पांढरा ठिपका. सातभाईंच्या मागे लागलेला दिसला तर शेऱ्यात तसे लिहावे. मोजणीच्या वाटा त्याच, वेळ सकाळी साडेसहा ते आठ, आणि पाऊस थांबून अर्धा तास झाल्याशिवाय यादी सुरू करायची नाही. चातक न दिसल्याचे कागदही पाठवावेत.